कोकमचा रंग

आमच्या घरात माणसं चटईवर झोपायची आणि मखमल होती ती घोडीच्या अंगावर. दिंडोशीच्या उतारावर पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांना पाठ लावून तिसरी, चांदीची. चांदी म्हणजे आमची वरातीची घोडी. तिसरी खोली सगळ्यांत हवेशीर होती, कारण बाबांचं म्हणणं असं की आपण कसेही राहू, पण हिच्या अंगावर डाग पडला तर नवरदेवाला काय बैलावर बसवायचं? वरातवाले नवऱ्या मुलाकडे नंतर बघतात, आधी घोडी पांढरी आहे का ते बघतात, हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की आजही लग्नाला गेले की माझी नजर आधी घोडीकडे जाते. तिथे आता उंच सोसायट्या झाल्यात. मध्यंतरी एकीच्या घरी बारशाला गेले होते, तेव्हा लिफ्टमध्ये हिशेब केला की आपण साधारण चांदीच्या दावणीवर उभे आहोत. काही वाटलं नाही. पेढा खाल्ला आणि आले.

बाबा आणि सखामामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दोघेही एकाच गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बाकीचे कुणी भाजीला लागले, कुणी वॉचमन झाले, कुणी गावी परत गेले. या दोघांनी घोडी घेतली. कोणी सुचवलं कोणास ठाऊक. आमच्या गावात बैल होते, रेडे होते. घोडा कोणी उभ्या जन्मात बाळगला नव्हता. पण दोघे चिकाटीचे. एका बँडवाल्याच्या मागे मागे फिरून शिकले. फटाक्यांना न घाबरण्याची सवय कशी लावायची, नाल सैल झाली की टापेचा आवाज कसा बदलतो, नवरा जड असला तर पट्टा किती आवळायचा, सगळं शिकले. एक गोष्ट तेवढी त्यांना कोणी शिकवली नाही आणि त्यांनी विचारलीही नाही. दोघांनी घोडे पाहिले ते सगळे मोठे झालेले, पांढरे, सजवलेले. घोड्याचं लहानपण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मामा आमच्याकडेच राहायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं आणि त्याला त्याची घाईही नव्हती. त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, तो कुठेही झोपू शकायचा; कोंड्याच्या पोत्यावर, ओट्यावर, एकदा तर चांदीच्या अंगाला टेकून उभ्या उभ्या. दुसरी, चांदीची आंघोळ. लग्नाच्या दिवशी सकाळी तो तिला काथ्यानं घासायचा आणि शेवटच्या बादलीत कपड्यांची नीळ टाकायचा. मी पायरीवर बसून अभ्यासाचं नाटक करत बघायचे. ओली झाली की चांदीची कातडी केसांखालून दिसायची, पाटीसारखी काळी. वाळली की पुन्हा पांढरी शुभ्र. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. पाहणं आणि लक्षात येणं यांत किती अंतर असतं, ते मला पुढे मुलांना शिकवताना रोज दिसायचं. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र कळायला फार वर्षं गेली.

पहाटे चांदी पत्र्यावर लाथ मारायची, तोच आमचा गजर. मग आई उठून चणे निथळायची. घोडीचे आणि आमचे चणे एकाच पातेल्यात भिजायचे. वरचे ओंजळभर काढून त्यांची उसळ, बाकीचे चांदीला गुळाच्या खड्याबरोबर. सुक्या बांगड्याचा वास चांदीला खपायचा नाही. आई बांगडा भाजायला लागली की ती नाक फेंदारून फुरफुरायची आणि मामा म्हणायचा, बामणाची आसा ती. मग सगळे हसायचे. रोज तोच विनोद, आणि रोज हसायचे.

मी अकरावीत असताना चांदीला पिल्लू हवं असं बाबांनी ठरवलं. पांढरी जोडी असली की मोठ्या वराती मिळतात. जोगेश्वरीच्या एका जुन्या तबेल्यात पांढरा घोडा होता, त्याच्याकडे न्यायचं ठरलं. नेमका त्या दिवशी बाबांना ताप भरला, म्हणून मामा एकटाच चांदीला चालवत घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. काम झाला, एवढंच म्हणाला, आणि जेवून झोपला. पुढचे अकरा महिने बाबांनी भेटेल त्याला सांगितलं की आमच्याकडे पांढरी जोडी होणार. आईनं जुन्या झुलीच्या उरलेल्या मखमलीतून एक छोटी झूल शिवली, कडेला जर लावून. बाळाच्या कुंचीसारखी ती खुंटीवर लटकत असायची.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा पिल्लू झालं होतं. गवतावर ओलं पडलं होतं आणि काळं होतं. मामा म्हणाला, वाळल्यावर उजळतलो. वाळल्यावर ते आणखी गडद झालं. पूर्ण काळंही नाही, काळ्यात लाल मुरलेलं, वाळलेल्या आमसुलासारखं. मामानंच त्याचं नाव कोकम ठेवलं. बाबांनी ठेवलं नाही. ते दारात उभे होते, नुसते बघत. आई मात्र आत जाऊन त्याचं तोंड पुसायला लागली. त्याच्या डोळ्यांभोवती पांढुरके केस होते, राख लागल्यासारखे. डासांसाठी धुरी केली होती तिचीच राख असेल असं आईला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पुसलं. आठवडाभर रोज ओल्या फडक्यानं पुसत होती. राख काही जात नव्हती. पहिल्याच आठवड्यात पत्र्याच्या कडेला लागून कोकमचा डावा कान फाटला, टोकाला खाच पडली. आईनं हळद भरली. कपाळावर त्याला एकावर एक दोन भोवरे होते, ते शुभ, असं मामा ज्याला त्याला सांगायचा.

बोलायला सुरुवात बँडवाल्यांनी केली. पांढरी जोडी म्हणालात ना, मग हा कोण पाहुणा? बाबा हसण्यावारी न्यायचे. मग एके दिवशी त्यांनी मामाला विचारलं की त्या दिवशी नेमकं काय झालं. मामानं सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मामानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की बाबांच्या मनात काय आहे. मामा तबेल्यात गेला, घोडी बांधली, नेहमीसारखा कुठेतरी आडवा झाला, आणि तो झोपलेला असताना भलताच कुठला तरी टांग्याचा घोडा चांदीला लागला. आणि घरी येऊन मामानं ते लपवलं. झोपेचं बाबांनी एकवेळ माफ केलं असतं. लपवण्याचं करणार नव्हते. एका ताटात जेवलेला माणूस खोटं बोलतो, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं.

तो रविवार होता. जेवणं झाली होती, आई ताटं घासत होती. मामा दारात चांदीचा लगाम पुसत बसला होता. बाबांनी मला हाक मारली. मी तेव्हा बारावी सायन्सला, आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत इतकी शिकलेली पहिलीच. माझ्या मतासाठी बाबा हल्ली थांबायला लागले होते. त्यांनी विचारलं की मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

"सुलू, तुज्या पुस्तकात असता ना ह्या सगळा? दोन पांढऱ्यांका काळा पोर व्हता काय गो?"

मी वही आणली. आम्हाला त्याच महिन्यात वाटाण्याचे प्रयोग शिकवले होते, जांभळी फुलं आणि पांढरी फुलं. मी पानावर चौकोन आखला, त्याची चार घरं केली. वर बापाची दोन अक्षरं, बाजूला आईची दोन अक्षरं. पांढरा रंग दबणारा, म्हणून सगळी छोटी अक्षरं. चारही घरांत तेच आलं. पांढरा, पांढरा, पांढरा, पांढरा. खाली मी चांगल्या अक्षरात लिहिलं की दोन पांढऱ्यांपासून काळा होऊ शकत नाही, आणि त्याखाली पट्टीनं रेघ मारली. मग ते पान बाबांपुढे धरलं.

"नाही होत, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं नाही, पण चौकोन सरळ होता. मामानं लगाम खाली ठेवला. "भावोजी, मी पांढऱ्याकडेच न्हेलंय. माज्या डोळ्यांसमोर झाला. चला, जोगेश्वरीक जाऊन इचारूया," तो म्हणाला. बाबा म्हणाले, तबेलेवाला काय, तुझीच बाजू घेणार. मामानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लगामाची कडी उघडत नसली की तिच्याकडे बघायचा, तसं. मी वही मिटली. आईच्या हातातल्या ताटांचा आवाज थांबला होता, एवढं मला आठवतं. ती बाहेर आली नाही.

आता माझे केसही पांढरे झालेत, तेव्हा हे नीट सांगून टाकते. माझा चौकोन वाटाण्यासाठी बरोबर होता. वाटाण्याचं पांढरं फूल कळीपासून गळेपर्यंत पांढरंच असतं. घोड्याचा पांढरा तसा नसतो. घोडा काळा की लाल, आणि काळा असेल तर तो अंगभर की नुसता पायाला न् आयाळीला, हे ठरवणारी जनुकं वेगळी. आणि केसांतला रंग वर्षागणिक काढून घेणारं जनुक वेगळं. ते आई किंवा बाप, एकाकडून जरी आलं तरी पुरतं. दबणारं नाही, उलट दांडगं. असं पिल्लू जन्मतं ते आपल्या मूळ रंगात, बहुतेकदा जरा जास्तच गडद. मग डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतात, मग अंग करडं होत जातं, आणि सहा-सात वर्षांत घोडा पांढरा होतो. कातडी मात्र काळीच राहते. चांदीसुद्धा कधीतरी कोकमसारखीच जन्मली असणार. पुरावा माझ्यासमोर दर वरातीला नीळ घालून आंघोळ करत होता. आणि दुसरा पुरावा आई ओल्या फडक्यानं पुसत होती.

मामा भांडला नाही. दोन दिवस राहिला, त्यात एक वरात होती ती त्यानं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदीला घातलेली आंघोळ नेहमीपेक्षा लांबली. मग त्यानं आपली पत्र्याची पेटी बांधली. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. येतंय, म्हणाला, तसं सगळेच म्हणतात. मी आत बसून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये बेडकाची आकृती काढत होते. उठून दारापर्यंत जायला चार पावलं होती. मी उठले नाही. वाईट वाटत होतं म्हणून नव्हे. तेव्हा मला खरोखर काहीच वाटत नव्हतं. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो आपला राहत नाही, तसं आत काहीतरी झालं होतं. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं, ते मी त्या सकाळी फार सुबक काढलं. त्या आकृतीला पैकीच्या पैकी मार्क पडले.

त्यानंतर घर तसंच चाललं. चणे भिजत होते, चांदी पत्र्यावर लाथ मारत होती. बांगडा भाजताना ती फुरफुरली की कोणी काही बोलायचं नाही. माझा कागद बाबांनी खळीनं घोडीच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवला, कॅलेंडरशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, आमच्या सुलून लिवल्यान म्हणून. कोकम आठ महिन्यांचा झाला तेव्हा एक दलाल त्याला माथेरानला घेऊन गेला. काळ्याला वरातीत जागा नव्हती. आईनं ती छोटी झूल खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवली. आई पूर्वी फार बोलायची. आता कामापुरतं बोलायला लागली, आणि आम्हाला ती सवय इतकी झाली की तिचा स्वभावच तसा आहे असं आम्ही धरून चाललो. मामाचं पत्र कधी आलं नाही. तीन वर्षांनी, पावसाळ्यात, गावाहून निरोप आला की तापानं गेला. आई एकटी गेली. बाबांनी वराती घेतलेल्या होत्या आणि माझी परीक्षा होती. परीक्षा म्हणजे एक पेपर, आणि तो पुढे ढकलला गेला. तरी मी गेले नाही.

पुढे मी गोरेगावच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि माझं लग्न ठरलं. ज्यांच्याशी ठरलं ते मला एकदा जुहूला घेऊन गेले. भेळ झाली, कुल्फी झाली, मग घोडे दिसले. घोडेवाल्यांची मुलगी, घोड्यावर बस ना, असं त्यांचं चाललं होतं. मी नको म्हणत होते आणि तेवढ्यात घोडा शेजारी येऊन उभा राहिला. पांढरा. डाव्या कानाच्या टोकाला खाच. मी त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले. एकावर एक दोन भोवरे होते.

मी कोकम म्हणाले. त्यानं कानही हलवला नाही. आठ महिन्यांचा असताना गेलेला, त्यानं का ओळखावं? मी घोडेवाल्याला विचारलं, हा कुठून आणला. माथेरानहून, तो म्हणाला. आणला तेव्हा मळका करडा होता, आणि विकणाऱ्यानं सांगितलं होतं की अगदी लहान असताना काळपट होता. मग माझं तोंड बघून त्याला वाटलं की मी घोडा आजारी समजते आहे.

"घाबरू नका ताई, बीमार नाय हा. सब्जा आहे. हे सगळे काळेच पैदा होतात, मग रंग उडतो. घोडेवाल्याच्या घरात कोणाला पण विचारा ना."

त्यानं घोड्याचं नाक वर करून दाखवलं. नाकपुडीभोवतीची कातडी काळी होती. मी घोड्यावर बसले नाही. ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं ते बराच वेळ विचारत राहिले की काय झालं. मी म्हटलं, काही नाही, वाळू गेली डोळ्यात. ते सज्जन होते, त्यांनी रुमाल दिला. डोळे कोरडे होते, तरी मी ते पुसले.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा घोडीच्या खोलीत होते. चांदी म्हातारी झाली होती, तिला आता चणे भरडून द्यावे लागायचे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कोकम पांढरा झालाय, कान तोच आहे, भोवरे तेच आहेत. माझा कागद चुकला होता. बाबांनी भरड्याचं घमेलं खाली ठेवलं.

"माका म्हायत असा," ते म्हणाले. "चार वर्षां झाली."

नाल ठोकायला ते एकदा जोगेश्वरीच्या त्याच तबेल्यात गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यानं आपणहून विचारलं होतं, तुमच्या मेहुण्याला पाठवत नाही हल्ली? दिवसभर घोडीपाशीच उभा होता त्या दिवशी, पाणी प्यायलासुद्धा हलला नाही. आणि मग पिल्लाच्या रंगाचंही त्यानंच समजावलं होतं.

मी विचारलं, "तेव्हा मामा होता?"

"जिवंत होतो तो."

"मग एक पत्र का नाही टाकलं?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. कागद पिवळा पडला होता, पण शाई टिकली होती. "कागद भिंतीर लावलेलो," ते म्हणाले. "तो काढूचो कसो?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते माझ्या कागदामागे लपले आणि मी पुस्तकामागे, आमच्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. मी नखानं कागदाचा कोपरा उचकटून पाहिला. खळ जुनी होती, सगळा निघाला नाही. मधली चार घरं भिंतीलाच राहिली.

आई स्वयंपाकाच्या खोलीत दुसऱ्या दिवसाचे चणे निवडत होती. मधे एक पत्रा, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तरी ते तिला तोंडानं सांगणं भाग होतं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, आई, मामा खरं बोलत होता. तिनं मान वर केली नाही. माजो भाऊस तो, ती म्हणाली, माका काय नवीन सांगतस? मग मी विचारलं की तुला ठाऊक होतं तर त्या रविवारी तू बाहेर येऊन का नाही बोललीस. बोलायचं होतंस ना.

तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तू कागद काढलंस, गो," आई म्हणाली. "माज्याकडे कागद नाय होतो."

मग तिनं पातेल्यात पाणी ओतलं आणि चणे भिजत घातले.